दुखत नाही म्हणून थांबू नका

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४४. तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे, दुपारी गल्ल्यावर मीच बसते. दोनेक महिन्यांपूर्वी कपडे धुताना ब्राच्या डाव्या बाजूला आतून तांबूस डाग दिसला. वाटलं, काहीतरी लागलं असेल. मग पुन्हा दिसला, त्याच जागी. आता आठवड्यातून दोन-तीनदा असतोच. दाबलं की डाव्या बोंडातून लालसर थेंब येतो. गाठ हाताला लागत नाही आणि दुखत तर अजिबात नाही. जाऊबाई म्हणाल्या उष्णता असेल, सब्जा घे. तेही करून झालं. थांबलं का हे बघायला रोज आंघोळीच्या वेळी पिळून बघते. मुलगी बारावीला आहे, मार्चमध्ये तिची परीक्षा संपली की डॉक्टरांकडे जाईन म्हणते. यांना अजून सांगितलेलं नाही. माझ्या मावशीला साठीत स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते आठवून रात्र-रात्र झोप लागत नाही. इथले सर्जन पुरुष आहेत, त्यांच्यासमोर कसं जायचं? आणि माझी धाकटी बहीण ३२ वर्षांची आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा झाला, तरी तिला दोन्हीकडून पांढरं दूध येतं. तिलाही हेच झालंय का?

उत्तर

ताई,

मार्चपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात सर्जनला दाखवा. बाकीचं सगळं सावकाश सांगते, पण पत्रातली एवढीच ओळ वाचून कागद बाजूला ठेवलात आणि दवाखान्यात गेलात तरी मला चालेल.

आधी तुमच्या झोपेचं बघू. बोंडातून रक्तासारखा स्राव येणाऱ्या बायकांची नीट तपासणी केली, तर दहातल्या आठ-नऊ जणींना कर्करोग नसतो. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते दुधाच्या नळीत वाढलेलं चामखिळीसारखं छोटं मांस. त्याला पॅपिलोमा म्हणतात. ते नाजूक असतं, सहज रक्ताळतं, आणि ते रक्त नळीतून बोंडावर येऊन तुमच्या कपड्याला लागतं. म्हणजे साध्या कारणाची शक्यता बरीच मोठी आहे. पण उरलेल्या एक-दोन जणींत आपण आहोत की नाही, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. मलाही पत्रावरून कळत नाही. म्हणून तपासणी.

सगळेच स्राव सारखे नसतात. प्रत्येक स्तनात दुधाच्या १५ ते २० नळ्या असतात आणि त्या बोंडावर बारीक बारीक तोंडांनी उघडतात. मूल होऊन गेलेल्या कित्येक बायकांच्या बोंडातून जोर देऊन पिळलं तर थेंबभर काहीतरी निघतंच. पांढुरकं, पिवळसर, कधी हिरवट. दोन्ही बाजूंनी, तीन-चार तोंडांतून, आणि फक्त दाबल्यावर येत असेल तर त्यामागे बहुधा काही नसतं. पाळी जायच्या वयाच्या आसपास काही जणींच्या नळ्या रुंद होतात, आत चिकट द्रव साठतो आणि तो दाट हिरवा किंवा काळपट येतो. गडद कपड्यावर तो रक्तासारखाच दिसतो आणि बाई हादरून जाते. पांढऱ्या कापसावर टिपलं की रंग खरा कळतो.

तुमचं तसं नाही. न दाबता, आपोआप आलं म्हणून तर डाग पडला. एकाच बाजूने येतंय. रंग तांबूस आहे. डाग दर वेळी त्याच जागी पडतो म्हणता, तेव्हा बहुतेक एकाच नळीतून येत असावं. या चारही गोष्टी एकत्र आल्या की आम्ही डॉक्टर मंडळी ते तपासल्याशिवाय सोडत नाही. इथे आणखी एक सांगून ठेवते, कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं: स्राव लाल नसेल, अगदी नळाच्या पाण्यासारखा स्वच्छ असेल, पण आपोआप आणि एकाच बाजूने येत असेल, तर तोही तितक्याच गांभीर्याने घ्यायचा. ‘रक्त नाही ना, मग ठीक आहे’ असं म्हणून बायका महिनोन् महिने काढतात.

आता तुमच्या दोन वाक्यांबद्दल, जी मला सगळ्यात जास्त खटकली. ‘दुखत अजिबात नाही’ आणि ‘गाठ हाताला लागत नाही’. आपल्याकडे दुखणं म्हणजे दुखायलाच हवं. दुखलं नाही तर ते आजारपण नाही, आणि दुखलं तरी आधी घरचं, मग दुकानाचं, मग मुलांचं, आणि मग आपलं. सगळं अंगावर काढायचं. स्तनाच्या बाबतीत हा हिशेब उलटा बसतो. पाळीच्या आधी स्तन दुखतात, जड होतात, त्यात बहुधा काळजीचं काही नसतं. कर्करोग मात्र सुरुवातीला सहसा दुखत नाही. आणि नळीच्या आतच असलेला आजार, मग तो साधा असो वा वाईट, कित्येकदा इतका लहान असतो की बोटांना लागतच नाही. त्या वेळी त्याची एकमेव खूण म्हणजे तुमच्या कपड्यावरचा तो डाग. कर्करोग असलाच तरी तो नळीच्या भिंतीबाहेर पडण्याआधी सापडला तर जवळजवळ नेहमी पूर्ण बरा होतो. मार्चपर्यंत थांबू नका अशी घाई मी करतेय ती यासाठी.

हाताला काय लागतं, हेसुद्धा हात कुणाचा यावर असतं. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांचा २० वर्षं मागोवा घेतला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन स्तन हाताने तपासत, असं चार वेळा झालं. मशीन नाही, काही नाही, फक्त शिकलेला हात. त्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तुम्हाला गाठ लागली नाही याचा अर्थ ती नाहीच, असा धरू नका.

आणि पिळणं आजपासून बंद. रोज पिळल्याने स्तनाला सारखी चेतना मिळते आणि स्राव उलट चालू राहतो. शिवाय डॉक्टरांनी तपासण्याच्या दिवशी नळी रिकामी असली तर थेंब दिसत नाही आणि कुठल्या तोंडातून येतोय ते कळत नाही. बघायचंच असेल तर ब्राच्या आत पांढऱ्या सुती कापडाची घडी ठेवा आणि संध्याकाळी पाहा. डाग पडला तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. कापडाचा फोटो काढून ठेवा, कारण डाग वाळला की लालाचा तपकिरी होतो. हे सगळं डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

पिळण्यावरून आठवलं म्हणून लिहिते. नवजात बाळाची, मग मुलगी असो की मुलगा, छाती कधी कधी फुगते आणि थेंबभर दूधही येतं. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) ते होतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण अजूनही न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया ते दूध काढलंच पाहिजे म्हणून पिळतात, आणि बाळाच्या छातीत गळू होऊन ते चिरायची वेळ येते. तुमच्या घरात, शेजारीपाजारी असं कुणी करत असेल तर हात धरा.

सब्ज्याने काही बिघडलं नाही, पण त्याचा इथे संबंधही नाही. उष्णतेने बोंडातून रक्त येत नाही. हळदीचा लेप, एरंडेल, मेडिकलवरून आणलेलं मलम, यातलं काहीच लावू नका. विशेषतः मलमाबद्दल सांगायचं कारण असं की बोंडावरची कातडी एकाच बाजूला लाल होऊन खपली धरते, खाजते, ओलसर राहते, आणि ते इसब समजून वर्षभर मलमं चोपडली जातात. त्यात कधी कधी ‘पॅजेट’ नावाचा आजार निघतो. जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जनने १८७४ मध्येच दाखवून दिलं होतं की असं बोंड असलेल्या बायकांच्या स्तनात पुढे कर्करोग सापडतो. तुम्ही कातडीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण आरशात एकदा नीट बघा. खपली असेल, बोंड अलीकडे आत ओढलं गेलं असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल किंवा काखेत गाठ असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

मावशीबद्दल. एका मावशीला साठीत झाला म्हणून तुम्हाला होणारच, असं मुळीच नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग होतो त्यातल्या बहुतेक बायकांच्या घराण्यात तो कुणालाच झालेला नसतो. मावशीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला. आई, आजी, दुसऱ्या मावशा, आत्या यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, आणि कोणत्या वयात, हे आईला फोन करून विचारून ठेवा. पन्नाशीच्या आत झालेला असेल तर ते आवर्जून सांगा.

आता दवाखान्यात काय होतं ते सांगते. अर्धी भीती ते माहीत नसल्याचीच असते. जायचं जनरल सर्जनकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी स्तनविकाराचे सर्जन असतील तर उत्तमच. नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई ओळखीच्या असतील तर आधी त्यांना दाखवायला हरकत नाही, फक्त तिथे गोळ्या घेऊन परत येऊ नका, पुढे पाठवा म्हणा. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत बाईमाणूस हजर असणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे. सिस्टर चालतील, जाऊबाई चालतील. ‘सिस्टरना आत बोलवा’ एवढं म्हटलं की पुरे. चांगला डॉक्टर तुम्ही म्हणायच्या आधीच बोलावतो.

पुढे बटणं असलेला ब्लाऊज किंवा कुर्ता घालून जा. डॉक्टर आधी बसवून पाहतात: हात कमरेवर, मग हात वर. मग आडवं झोपवून दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा चाचपतात. नंतर बोंडाभोवतीच्या काळ्या भागावर एक बोट ठेवून हलकेच दाबत गोल फिरतात. एका विशिष्ट ठिकाणी दाबलं की थेंब येतो. ती जागा ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहून ठेवतात, कारण आजारी नळी त्याच दिशेला असते. थेंब पांढऱ्या गॉजवर टिपून रंग बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम.

त्यानंतर तुमच्या वयाला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी दोन्ही करतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो. काही क्षण चांगलंच आवळल्यासारखं होतं आणि सुटतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात केली तर दुखणं कमी, पण त्यासाठी तारीख फार लांबवू नका. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, फिल्मवर त्याचे ठिपके दिसतात. काही दिसलं तर जागा बधिर करून जाड सुईने तपासायला तुकडा काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ असं तुम्हाला तिघी-चौघी तरी सांगतील. त्या भीतीपोटी बायोप्सी टाळणाऱ्या बायकांचं किती नुकसान होतं ते मी पाहिलेलं आहे. नक्की काय आहे हे तुकड्यावरूनच कळतं आणि योग्य उपचार त्यावरूनच ठरतात. सुई लावून घ्या.

एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवा, कारण इथेच गाडी अडते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तरी काम संपलं असं नाही. नळीतलं बारीक मांस दोन्हींत सुटू शकतं. स्रावाची स्लाइड तपासून ‘पेशी ठीक’ असा रिपोर्ट आला तरी त्यावर विसंबता येत नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि लाल थेंब चालूच, अशा वेळी एमआरआय करतात किंवा ती एक नळी काढून तपासायला पाठवतात. ऑपरेशन लहान असतं. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेने छेद घेतात, त्याचा व्रण पुढे जेमतेम दिसतो, आणि बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पॅपिलोमा असेल तर निदान आणि उपचार एकाच वेळी होऊन जातात.

आता धाकट्या बहिणीचं. तिचं तुमच्यासारखं नाही, आणि तिची गोष्ट ऐकून तुम्हीही स्वतःला समजावू नका. दोन्ही बाजूंनी, पांढरं, दुधासारखं येतं तेव्हा कारण बहुतेक वेळा स्तनात नसतं, तर दूध तयार करायला सांगणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकात असतं. अंगावरचं दूध तोडल्यावर वर्ष-दोन वर्षं थोडं थोडं येत राहिलं तर चालतं. मूल चार वर्षांचं आहे आणि तिने पाजणं कधी थांबवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा ते विचारा. त्याबरोबर पाळी वेळेवर येते का, हेही. मग घरी गरोदरपणाची चाचणी. कित्येकदा उत्तर तिथेच मिळतं.

ती गरोदर नसेल तर तिला म्हणावं, घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाल. ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी असते, आणि ती पाच दिवसांसाठी लिहून दिलेली असली तरी वर्षभर चालू राहते. त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. दूध येतं, पाळी लांबते, आणि मग त्यासाठी वेगळ्या गोळ्या सुरू होतात! स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात नावं असतात, ती वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. मानसिक आजारावरची काही औषधंही असंच करतात, पण ती स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाहीत. ज्यांनी दिली त्यांनाच विचारून बदलायची.

डॉक्टर तिला प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगतील. थायरॉइड कमी असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं, आणि थायरॉइडच्या गोळीने दूध थांबतं. प्रोलॅक्टिनसाठी रक्त उठल्या-उठल्या न देता दोन-तीन तासांनी, जरा शांत बसून द्यावं, आणि त्या दिवशी स्तन दाबून बघू नये. नाहीतर आकडा उगाच वाढलेला दिसतो. आकडा खूपच जास्त आला तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय करतात. तिथे कधी छोटी गाठ असते. ‘मेंदूत गाठ’ ऐकून घर हादरतं, पण ती जवळजवळ नेहमी साधी असते आणि बहुतेकींत गोळ्यांनीच आकसते. तिला सतत डोकं दुखत असेल किंवा बाजूचं नीट दिसत नसेल, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागत असेल, तर मात्र थांबायचं नाही.

हे सगळं बायकांचंच असतं असंही समजू नका. घरातल्या एखाद्या पुरुषाच्या बोंडातून काही येत असेल तर रंग वगैरे न बघता त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवा. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, आणि लाजेपायी ते तुमच्यापेक्षा जास्त दिवस लपवतात.

राहिलं घरी सांगण्याचं. यांना आज रात्री दुकान बंद झाल्यावर सांगा. फार शब्द लागणार नाहीत: ‘डाव्या बाजूने रक्त येतंय, सर्जनला दाखवायचंय, बुधवारी चला.’ दिवस ठरवूनच सांगा, म्हणजे ‘बघू’ म्हणायला जागा राहत नाही. मुलीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आई लपवतेय हे कळतंच, आणि त्याचा अभ्यासावर जास्त परिणाम होतो असं माझं मत आहे. तपासणीला एक दिवस लागेल, फार तर दोन. त्याने बारावी बुडत नाही.

पैशांची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात जा. पुढे मोठे उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्र बसलेले असतात, ते कागदपत्रं सांगतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. सगळे रिपोर्ट, फिल्म आणि बायोप्सीचा कागद एका फाइलमध्ये लावा, मूळ प्रत कुणाला देऊ नका.

बहिणीलाही त्याच दिवशी बरोबर घेऊन जा. तुमच्या तपासणीच्या वेळी खोलीत ती थांबेल, आणि तिच्या गोळ्यांची पिशवी तिथेच दाखवता येईल.